उजव्या हाताचं मागणं

घुबडाला हात लावून काही मागायचं ही कल्पनाच मुळात सुमेधाला पटली नव्हती. तिच्या माहेरी घुबड ही शिवी होती. घराजवळच्या झाडावर खरंखुरं घुबड घुमायला लागलं, तर मोठी माणसं काठी घेऊन त्याला हुसकायला निघायची. पण तिची मुलगी सावनी ज्या दिजों नावाच्या जुन्या फ्रेंच शहरात राहत होती, तिथे एका चर्चच्या भिंतीच्या कोपऱ्यावर, हात उंचावला की पोचेल अशा जागी, एक छोटंसं दगडी घुबड होतं आणि अख्खं गाव जाता-येता त्याला हात लावून मनातलं मागत होतं. गेल्या कित्येक पिढ्या मागत होतं. फ्रेंच लोक इतके भाविक असतील असं सुमेधाला वाटलं नव्हतं.

सावनीने ते पहिल्यांदा फोनवर दाखवलं तेव्हा सुमेधाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. इतके हात फिरले होते त्या दगडावरून, की धड चोच नाही, डोळे नाहीत, पंख नाहीत. नुसता गुळगुळीत गोळा उरला होता. आपल्याकडे देवीचा तांदळा असतो तसा. तांदळ्याला ना नाक ना डोळे, नुसता दगड, पण त्याच्यापुढे माणूस चप्पल काढून उभा राहतो. घुबडाचा असा तांदळा झालेला पाहिल्यावर सुमेधाचा विरोध मावळला. तसाही त्या दिवसांत तिला कुठलाही देव चालला असता.

तिचं मागणं एकच होतं. सावनी घरी यावी.

घर म्हणजे सिडनीच्या वेंटवर्थव्हिल उपनगरातला दोन बेडरूमचा फ्लॅट. नवरा विश्राम जाऊन सहा वर्षं झाली होती. सावनी आर्किटेक्चर शिकली, जवळच्याच पॅरामॅटातल्या एका बऱ्यापैकी फर्ममध्ये लागली आणि बस्तान बसतंय न बसतंय तोच नोकरी सोडून, जुन्या इमारतींचे दगड दुरुस्त करायला शिकायचं म्हणून फ्रान्सला गेली. आर्किटेक्टची पाथरवट झाली, असं सुमेधा मैत्रिणींना हसत हसत सांगायची आणि लगेच विषय बदलायची. कोर्स एका वर्षाचा होता. सावनी गेली आणि थोड्याच दिवसांत जगाची दारं बंद झाली. ऑस्ट्रेलियाने तर दाराला आतून कडी घातली. आतल्यांनी बाहेर जायचं नाही, बाहेरच्यांनी नंबर लागेपर्यंत आत यायचं नाही, मग पासपोर्ट याच देशाचा का असेना. एका वर्षाचं दीड वर्ष झालं आणि कडी तशीच राहिली.

आता २०२१चा जून-जुलै, म्हणजे इथला हिवाळा, चालू होता. सिडनीच्या पश्चिमेकडच्या या भागात मास्क, गस्त घालणारे पोलिस, पाच किलोमीटरची हद्द असं सगळं एकदम येऊन कोसळलं होतं. सुमेधाचं ऑफिस पॅरामॅटातून उठून जेवणाच्या टेबलावर आलं होतं. मीटिंगमध्ये सहकारी एकमेकांची कुत्री बघून खूश व्हायचे. सुमेधाकडे दाखवायला कुत्रंही नव्हतं. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की घर खायला उठायचं. टीव्ही लावला तर रोजचे आकडे, बंद केला तर फ्रिजचा आवाज. कुणाशी बोलायचं म्हटलं तर देशाच्या पार उत्तर टोकाला, डार्विनला लीना होती, पुण्याच्या कॉलेजपासूनची मैत्रीण, तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. पण लीनाच्या शिफ्टचा काही नेम नसायचा, आणि दोन्हीकडच्या राज्यांच्या सीमा बंद, त्यामुळे 'ये की इकडे' असं म्हणायचीही सोय राहिली नव्हती.

पाच वाजले की मात्र सावनीचा फोन यायचा. तिकडे तेव्हा सकाळ असायची. कामावर चालत जाता जाता ती आईला शहर दाखवायची. एकमेकांच्या खांद्यावर रेललेली लाकडी चौकटींची जुनी घरं. हिरव्या, पिवळ्या, काळ्या कौलांची नक्षी विणलेली छपरं, अंगणात सतरंज्या वाळत घातल्यासारखी. पूर्वीच्या सरदारांचा राजवाडा, ज्याच्या चौकात आता लोक कॉफी पीत बसायचे. आणि ते चर्च, ज्याच्या दर्शनी भिंतीतून दगडी राक्षसांच्या रांगाच्या रांगा माना बाहेर काढून खाली बघत होत्या. सुमेधा पॅरामॅटाच्या पलीकडे पाऊल टाकू शकत नव्हती, पण दिजोंच्या गल्ल्या तिला तोंडपाठ झाल्या. बेकरीवरून डावीकडे वळायचं, हे तिने एकदा सावनीलाच सांगितलं.

चर्चच्या माथ्यावर घड्याळ होतं आणि त्यावर हातोडीने तास वाजवणारा एक पुतळा. सावनीने त्याची गोष्ट सांगितली. हा बाबा कितीतरी वर्षं तिथे एकटाच ठोके देत उभा होता. मग गावाला त्याची दया आली आणि लोकांनी त्याच्या शेजारी एक बायको आणून उभी केली. पुढे कधीतरी एक मुलगा दिला. मग आणखी पुढच्या पिढीला वाटलं, मुलगी पण हवी, म्हणून मुलगी. सुमेधाला ही गोष्ट इतकी आवडली की तिने ती लीनाला फोनवर दोनदा सांगितली. लीनाने दोन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली.

फेरीचा शेवट घुबडापाशी व्हायचा. पहिल्या दिवशी सावनीने सवयीने डावा हात उचलला होता. ती जन्माची डावखुरी. लिहायला, कात्री धरायला, बॉल टाकायला डावा हात चालेल, हे सुमेधाने फार मोठ्या मनाने मान्य केलं होतं. पण जेवायला, प्रसाद घ्यायला आणि देवाला हात लावायला उजवाच, यावर तडजोड नव्हती. त्यापायी घरात लहानपणी रडारडही झाली होती. तो डावा हात घुबडाकडे जाताना दिसला आणि सोळा हजार किलोमीटरवरून सुमेधा ओरडली, "उजवा. उजवा हात."

सावनी थांबली. "आई, अ‍ॅक्च्युअली इथे ना..." एवढं म्हणाली आणि मग तिने खांदे उडवले. "ओके. नो वरीज." फोन डाव्या हातात घेतला, सुमेधाच्या हुकमावरून उजव्या हाताला सॅनिटायझर चोळलं आणि तो घुबडावर ठेवला.

"मागितलंस?" सुमेधाने विचारलं.

"मागितलं."

"काय?"

"तू सांगितलंस तेच."

तेव्हापासून रोज तेच. हात ठेवायचा, मागायचं, मग 'बाय आई, लव्ह यू' आणि फोन बंद. त्या एका क्षणासाठी सुमेधा दिवसभर तग धरून असायची. नंतर पोळ्या लाटताना ती गुणगुणायचीसुद्धा.

पण घुबड काही प्रसन्न होईना. एकदा तिकीट मिळालं, तर विमान कंपनीने ऐन वेळी सावनीला यादीतून काढलं. दुसऱ्यांदा मिळालं, तेव्हाही तेच झालं, असं सावनी म्हणाली. पुढे नुसतंच वेटलिस्ट, वेटलिस्ट. आणि मग ऑगस्टमध्ये एका शनिवारी सकाळी लीनाचा फोन आला. युरोपातून सरकारी विमान डार्विनला उतरलं होतं, माणसं क्वारंटाइनला नेली होती आणि तिथे काम करणारी तिची एक मैत्रीण सांगत होती की विमानात बऱ्याच सीट रिकाम्या होत्या. सावनीचं काय झालं, असं लीनाने विचारलं. सुमेधा म्हणाली की शक्यच नाही, सावनीचं नाव सगळ्या याद्यांत आहे. लीना गप्प बसली. ती अशी गप्प बसली की सुमेधाला तिचा राग यायचा.

देव ऐकत नाही म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, हा सुमेधाचा जुना न्याय. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ चुकली होती तेव्हाही तिने असाच शोध लावला होता. तिने यूट्यूबवर त्या घुबडाचे व्हिडिओ शोधायला घेतले. एकात दिजोंची एक गाइड इंग्रजीत हसत हसत सांगत होती की इथे एकच नियम आहे. हात डावाच हवा. डावा हात हृदयाच्या बाजूचा. उजव्या हाताने मागितलेलं या घुबडाला ऐकूच जात नाही.

सुमेधाने कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे इतके महिने पोरगी मुकाट्याने दारावर उभी होती आणि आपण तिला बंद पडलेली बेल वाजवायला लावत होतो. तिला आधी लाज वाटली आणि मग एकदम हसू फुटलं. म्हणजे आशा होती की. आजपासून डाव्या हाताने मागितलं की झालं. दुपार कशीबशी ढकलून तिने नेहमीपेक्षा लवकरच फोन लावला. सावनी अजून अंथरुणातच होती. सुमेधाने एका दमात सगळं सांगून टाकलं, स्वतःच्या सोवळ्याची चेष्टा केली आणि ऊठ, आवर, आत्ताच्या आत्ता जाऊन डावा हात लावून ये, असं फर्मान काढलं.

सावनीने पांघरूण बाजूला सारलं.

"आई," सावनी म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. इथे किंडीतल्या चार-चार वर्षांच्या मुलांना पण माहीत असतं."

मग का नाही बोललीस, असं सुमेधाने विचारलं तेव्हा सावनी उठून बसली. केस मागे सारले, भिंतीकडे बघितलं. आधी तिने इंग्रजीत सुरुवात केली आणि मग हळूहळू मराठीत आली. जे खरंच सांगायचं असतं ते ती नेहमी शेवटी मराठीत सांगायची.

"पहिल्या दिवशी तू ओरडलीस म्हणून. आय जस्ट डिड इट. मग नंतर मला ते बरं वाटायला लागलं. उजव्या हाताने मागितलं की काउंट होत नाही. म्हणजे तुझ्यासाठी रोज मागता येत होतं, आणि खरं होईल याची भीती नव्हती."

उरलेलं तिने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. पहिल्यांदा तिला विमान कंपनीने खरंच काढलं होतं. दुसऱ्यांदा तिने स्वतःच सीट सोडली. डार्विनच्या विमानाचं विचारणारा मेल आला होता, त्याला तिने उत्तर दिलं नाही. शहरातल्या एका जुन्या चर्चच्या मनोऱ्याचं काम नुकतंच सुरू झालं होतं, चांगलं चार-पाच वर्षांचं, आणि त्यांनी तिला घेतलं होतं. इतके दिवस तिने ताकास तूर लागू दिली नव्हती.

"मला यायचं नाहीये, आई."

सुमेधा जे बोलायला नको होतं तेच नेमकं बोलली. "तुझ्या त्या गावाला घड्याळावरच्या पुतळ्याची दया येते, सावनी." आणि फोन ठेवून दिला.

पुढचे काही दिवस तिने पाचच्या सुमाराला फोन उचललाच नाही. सावनीचे मेसेज यायचे, त्यांना ती अंगठा पाठवायची. राग येत होता तो कुणाकुणाचा म्हणून सांगावा? सावनीचा येत होता, त्या मनोऱ्याचा येत होता, सगळं ठाऊक असल्यासारख्या गप्प बसणाऱ्या लीनाचा येत होता. आणि विश्रामचाही, कारण तो असता तर त्याच्यावर ओरडता आलं असतं. पण रागाच्या खाली नुसतं दुःख होतं, साधं, शहाण्या माणसालाही आवरत नाही असं. आपली लेक आपल्यापासून लांब आहे हे तिने सोसलं होतं. तिला लांबच राहायचंय, हे सोसवत नव्हतं.

एकदा ती भाजी आणायला मेन स्ट्रीटवरच्या दुकानात गेली. अंतर राखून रांगेत उभी राहिली, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. दुकानदाराने मास्कमधून विचारलं, "आंटी, बेटी आ गई?" आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आ रही है, बस." बाहेर आल्यावर तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. इतकं सहज.

आणि गंमत म्हणजे पाच वाजले की तिला नुसती सावनी आठवायची नाही. गल्ल्या आठवायच्या. बेकरी उघडली असेल, राजवाड्याच्या चौकात खुर्च्या मांडत असतील, कौलांवर ऊन आलं असेल. टेबलाशी बसून ती मनातल्या मनात फेरी मारायची आणि घुबडापाशी येऊन अडायची. पुढे काय, ते तिला दिसेना. रोज तिथेच तर फोन बंद व्हायचा. मागणं झालं की तिचं काम झालं होतं. घुबडानंतर रस्ता कुठे वळतो, सावनी कुठल्या दारातून आत जाते, दिवसभर काय करते, हे इतक्या महिन्यांत तिने एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनेच फोन केला. सावनी वाटेतच होती. घाबरून 'आई, यू ओके?' म्हणाली. सुमेधा म्हणाली, ठीक आहे मी, चालत राहा. घुबड आलं तशी सावनीची पावलं अडखळली.

"थांबू नकोस आज," सुमेधा म्हणाली. "पुढे चल. तुझं काम दाखव."

पुढे एक चिंचोळी गल्ली होती, मग एक मोठं लाकडी दार आणि आत पत्र्याचं छप्पर घातलेलं आवार. फिकट पिवळसर दगडांचे ठोकळे मांडून ठेवलेले. सावनीने फोन एका फळीवर टेकवून ठेवला आणि सांगू लागली. मनोऱ्यावरचं दगडी पान पावसाने खाल्लंय. सगळं पान काढायचं नाही. कुजलंय तेवढंच कापायचं आणि तेवढाच नवा तुकडा घडवून बसवायचा. जुन्याला नव्याने दुखवायचं नाही आणि नव्याने जुनं असल्याचं नाटकही करायचं नाही. आधी ती आईला समजावून सांगत होती, पण बघता बघता ती आईला विसरली. हातोडी डाव्या हातात, छिन्नी उजव्या. टक टक टक, मग फुंकर, मग बोट फिरवून बघणं, पुन्हा टक टक. केसांत भुकटी बसलेली. तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणणं चालू. विश्राम दाढी करताना असंच करायचा.

सुमेधा बघत राहिली. ज्या हाताला तिने पोळीपासून आणि प्रसादापासून दूर ठेवलं होतं, तो हात दगडातून पानाची शीर काढत होता. ही मुलगी तिकडे अडकलेली नव्हती, एकटीही नव्हती. अडकलेली आणि एकटी कोण होती ते सुमेधाला कळलं, आणि त्याचं वाईट वाटायच्या आतच मुलीचं इतकं बरं वाटलं की तिला दोन्ही एकदमच सोसावं लागलं.

बऱ्याच वेळाने सावनीला फोनची आठवण झाली. हात झटकत ती जवळ आली. तिने आधीच ठरवून ठेवलं असावं, कारण बोलताना ती थांबली नाही.

"आई, मी त्या डार्विनच्या मेलला रिप्लाय केलाय. पुढच्या फ्लाइटला सीट आहे. डार्विनला क्वारंटाइन, मग सिडनी. येते मी."

लहानपणी ताटातलं कारलं संपवून दाखवताना ती अशाच आवाजात 'संपलं' म्हणायची. सुमेधाला इतके महिने जे हवं होतं ते समोर येऊन उभं होतं. नुसतं 'ये' म्हणायचं होतं. तो शब्द तिच्या ओठांवर आलाही.

"नको येऊस," ती म्हणाली.

"आई."

"अगं, तुला सांगायचंच राहिलं. लीना येतेय माझ्याकडे राहायला. सीमा उघडली की लगेच. डार्विनच्या उकाड्याला कंटाळलीय ती, इकडेच बदली मागितलीय. तुझी खोली तिला देणार आहे मी. तू आलीस तर झोपशील कुठे?"

सावनी स्क्रीनच्या अगदी जवळ आली. तिच्या भुवयांवरसुद्धा दगडाची पांढरी पूड होती.

"लीना मावशी? डार्विन सोडून?"

"हो."

"खरंच?"

"खरंच."

सावनीने काही खोदून विचारलं नाही. तिचे डोळे भरले आणि तिने ते मनगटाने पुसले, तसा गालावर पांढरा पट्टा उमटला. "ओके, आई," ती म्हणाली. आणि मग, "थँक यू."

फोन ठेवल्यावर सुमेधाने लीनाला गाठलं. सावनीचा फोन आलाच, तर तू माझ्याकडे राहायला येणार आहेस असं सांग, एवढंच म्हणाली. लीनाने कारण विचारलं नाही. सावनीला खोटं कळेल, इतकंच ती म्हणाली. सुमेधा म्हणाली की कळलंय तिला, तरी सांग.

मग तिने कपाटातून धुतलेली चादर काढली. उद्या सावनी खोली दाखव म्हणाली, तर दिसायला हवी होती. सावनीचे कपडे, पुस्तकं, खिडकीतल्या शोभेच्या वस्तू तिने एका खोक्यात भरून कपाटावर ठेवल्या. गादीवर चादर घातली, उशीला नवा अभ्रा चढवला, पायथ्याशी लीनासाठी टॉवेल ठेवला. चादरीला एक सुरकुती राहिली होती, ती हाताने सपाट केली. मग ती त्या पलंगाच्या कडेला बसली आणि रडली, अगदी मोकळ्याने, कारण ऐकायला कुणी नव्हतं. उठताना तिने बसल्या जागची चादर पुन्हा नीट केली.